बहिनी नायत गो ह्या

तानशाच्या धरणावर नोकरांची वसाहत होती. क्वार्टर्सच्या तीन रांगा, वर टेकाडावर साहेबांचा बंगला, खाली दवाखाना आणि दवाखान्याला लागून एक लांबट हॉल. त्या हॉलला सगळे क्लब म्हणत. तिथून दीड मैलावरच्या गावात मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. वय तेवीस. माहेर कल्याणचं. वडील गेले तेव्हा मी नुकतीच फायनल पास झाले होते. धाकट्या दोन भावांची शिक्षणं व्हायची होती म्हणून माझं लग्न मागे पडलं, आणि मग मागेच राहिलं. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. का वाटत नाही, याचा विचार मात्र मी कधी केला नव्हता.

गावात एकट्या बाईला खोली मिळेना. पहिले चार महिने मी शाळेतच, नकाशे आणि फळे ठेवायच्या खोलीत, साडीचा आडोसा करून राहिले. एके दिवशी मधल्या सुट्टीत दवाखान्यातल्या नर्सबाई शाळेत आल्या. मुलांना देवीच्या लसी टोचायच्या होत्या. टोचून झाल्यावर त्यांनी सुई उकळत्या पाण्यात टाकली आणि माझ्या आडोशाकडे बघितलं.

"हितंच ऱ्हाता म्हनं तुमी?"

"हो. सध्यापुरतं."

"सापं निघतात हितं. माज्याकडं दोन खोल्या हायत. एक मला लागतच नाय."

त्या मुरबाड तालुक्यातल्या, घाटाखालच्या एका गावच्या. घर कुणब्यांचं, भातशेती आणि वर डोंगरउतारावर थोडी नाचणी. तेराव्या वर्षी लग्न झालं. नवऱ्याने दुसरी आणली आणि हिला परत पाठवलं. एका मामाने ठाण्याला नेऊन नर्सिंगला घातलं म्हणून ती तगली. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. उंच, काळी, पावलं लांब टाकणारी. हसताना तोंडावर पदर धरत नसे. तिच्या हातांना सतत कार्बोलिक साबणाचा वास असायचा, अगदी भाकऱ्या थापतानाही.

क्वार्टरमध्ये बाहेरचं माणूस ठेवायचं तर साहेबांची परवानगी लागे. साहेब म्हणजे धरणावरचे इंजिनियर, परदेशात दोन वर्षं शिकून आलेले, कमी बोलणारे. त्यांच्या पत्नीने शब्द टाकला आणि मी माझी ट्रंक घेऊन नर्सबाईंच्या दुसऱ्या खोलीत आले.

भाद्रपदात मला हिवताप झाला. दुपारी तीनच्या ठोक्याला थंडी भरायची आणि दात वाजायला लागायचे. दोन गोधड्यांनी काही होत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यातून आली, हात धुतले, आणि गोधडीसकट मला गच्च धरून आडवी झाली. माझं हुडहुडणं तिच्या अंगात जात होतं आणि तिथे थांबत होतं. आठवड्याने ताप उतरला. ती परत आपल्या अंथरुणावर गेली नाही आणि मी तिला जा म्हटलं नाही.

यापुढचं मी फारसं सांगणार नाही. लाजेने नव्हे. सांगण्यासारखं जे होतं ते इतकं साधं होतं, की लिहायला गेलं की वेगळंच दिसायला लागतं. आम्ही एकाच वाटीत भात कालवून खायचो. ती माझ्या वह्यांच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून झोपायची. ती मला मास्तरीण म्हणायची, मी तिला लोकांसमोर नर्सबाई आणि घरात अगं-तुगं. आमच्यात जे होतं त्याला आमच्याकडे शब्द नव्हता. मी शाळेत रोज मुलांना समानार्थी शब्द शिकवत होते आणि मला हा एक शब्द ठाऊक नव्हता. नणंद, जाऊ, सवत, मैत्रीण, सगळं आठवून बघितलं, त्यातलं काही लागू होईना. तिला शब्दाची गरज वाटत नव्हती. "जेवलीस का?" असं ती विचारायची, तेवढं तिला पुरत होतं.

साहेबांकडे एक छोटं प्रोजेक्टर होतं. ते मुंबईतल्या कुठल्याशा परदेशी वकिलातीच्या ग्रंथालयातून चित्रपटांच्या रिळा मागवत आणि महिन्यातून एका रविवारी दुपारी क्लबात दाखवत. खिडक्यांवर काळी कांबळी टांगायची, पुढे बायकापोरांसाठी सतरंज्या, मागे पुरुषांना बाकं. बहुतेक वेळा पूल कसे बांधतात, बर्फात आगगाडी कशी चालते, असलं काहीतरी असायचं. क्वचित एखादी गोष्टीची फिल्म. बोलणं कुणालाच कळत नसे, म्हणून साहेब प्रोजेक्टरशेजारी उभे राहून मराठीत सांगत, "हा शेतकरी आहे. ही त्याची आई. ती म्हणते आहे की आज बर्फ पडेल." प्रोजेक्टर चालवायचं काम एका म्हाताऱ्या चपराशाकडे होतं. तो रीळ लावताना जानवं घालावं तशी फीत हळूच ओढून घ्यायचा.

त्या रविवारी आम्ही दोघी अगदी पुढच्या सतरंजीवर बसलो होतो. फिल्म काळी-पांढरी होती. उत्तरेकडच्या कुठल्यातरी थंड देशातलं गाव, गोठलेली नदी, आणि नदीकाठी एक पावाची भट्टी. भट्टी एक बाई चालवायची. तिचा नवरा लढाईवर गेलेला, पत्ता नाही. एके दिवशी दुसरी एक बाई लाकडी पेटी घेऊन दारात उभी राहते आणि काम मागते. मग दोघी मिळून पाव भाजतात, घोडागाडीतून विकतात, बर्फ उपसतात. गोष्ट म्हणून फार काही नव्हतं. पण त्या दोघी एकमेकींकडे बघत तसं बघणं मी याआधी पडद्यावर पाहिलं नव्हतं. घरात पाहिलं होतं.

मग लाकडं फोडताना नव्या बाईच्या तळहातात कुसळ घुसतं. भट्टीवाली तिला खिडकीशी उजेडात नेते, सुईने कुसळ काढते, आणि हात सोडत नाही. बराच वेळ धरून ठेवते. आणि खाली वाकून त्या तळहातावर ओठ टेकवते.

प्रोजेक्टरची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग साहेबांचा आवाज आला, नेहमीपेक्षा थोडा मोठा.

"या दोघी बहिणी आहेत. लहानपणी ताटातूट झाली होती. आता ओळख पटली आहे."

मागून दोनतीन बायकांनी "अगं बाई" केलं. एकीने नाक ओढलं. माझ्या कानाशी कार्बोलिकचा वास आला आणि ती अगदी हळू म्हणाली, "बहिनी नायत गो ह्या."

माझे कान तापले होते. एवढ्या लांब, त्या बर्फात, कुणीतरी हे पाहिलं होतं आणि त्याचं चित्र काढलं होतं. म्हणजे हे आम्ही दोघींनीच तानशाच्या क्वार्टरमध्ये शोधून काढलेलं नव्हतं. मला हसावंसं वाटलं आणि भीतीही वाटली.

थोड्याच वेळात पडद्यावर दार उघडलं आणि एक दाढीवाला शिपाई आत आला. भट्टीवालीचा नवरा. तेवढ्यात साहेबांनी दिवा लावायला सांगितला. "पुढची रीळ खराब आहे," ते म्हणाले. "आज इतकंच."

दोन दिवस तिला त्या गोष्टीने सोडलं नाही. "आलेल्या बाईचं काय झालं आसंल?" ती भाकरी थापता थापता विचारायची. "नवऱ्यानं हाकलली आसंल का?" तिसऱ्या दिवशी चपराशी दवाखान्यात पायाची पट्टी बदलायला आला. त्याच्या पायाला मोठी जखम झाली होती, तेव्हा पाय कापायची वेळ तिनेच टाळली होती. तिने सरळ विचारलं, तसं त्याने सांगून टाकलं. "रीळ बरी हाय, नर्सबाय. सायबानं ठिवून दे म्हटलं."

पुढच्या मंगळवारी साहेब कामासाठी मुंबईला गेले. शाळेला स्थानिक सुट्टी होती. भर दुपारी, सगळी वसाहत जेवून कलंडलेली असताना, आम्ही तिघं क्लबात शिरलो. चपराशाने दोनच खिडक्यांवर कांबळी टाकली, बाकीच्यांतून उजेड येत होता, त्यामुळे पडद्यावरची माणसं फिकट, पाण्यात पडल्यासारखी दिसत होती. या वेळी मराठीत सांगणारं कुणी नव्हतं.

नवरा टेबलाशी बसला आहे. तिघं जेवताहेत. नवरा वाईट नव्हता, उलट दमलेला, केविलवाणा माणूस होता. नवी बाई सकाळी आपली लाकडी पेटी भरते. भट्टीवाली तिला एक गरम पाव फडक्यात बांधून देते. दोघींपैकी कुणीच काही म्हणत नाही. मग ती गोठलेल्या नदीवरून चालायला लागते आणि भट्टीवाली खिडकीतून बघत राहते. चालणारी बाई लहान होत जाते, बर्फ वाढत जातो, शेवटी पडद्यावर नुसतं पांढरं उरतं. फीत संपली आणि प्रोजेक्टरचा उजेडही तसाच पांढरा, त्यामुळे चित्र कुठे संपलं ते कळलंच नाही.

"गेली कुठं?" ती म्हणाली. "थांबव म्हनली का नाय तिला?"

"नाही म्हणाली."

"का नाय?"

तेव्हा मागून बांगड्या वाजल्या. साहेबांच्या पत्नी शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. केव्हा आल्या, कुणालाच ठाऊक नाही. चपराशी गडबडीने उभा राहिला. त्यांनी त्याला हाताने बस म्हटलं आणि आमच्याजवळ आल्या. रागावलेल्या नव्हत्या.

"मी हे मुंबईला बघितलं होतं," त्या म्हणाल्या. "यांच्याबरोबर." मग माझ्याकडे बघून, "यांना भाषा येते. यांनी चुकून नाही सांगितलं बहिणी म्हणून."

चपराशी फीत गुंडाळायला लागला.

"एवढी माणसं बसलेली. तुम्ही दोघी अगदी पुढे. लोकांनी पडद्यावरून नजर काढून तुमच्याकडे बघायला नको, म्हणून म्हणाले ते. कुणी विचारलं तर तुम्हीही तेच सांगत जा. मावसबहीण म्हणा. कुणाचं काही बिघडत नाही."

त्या गेल्या. त्यांनी हे चांगल्या मनाने सांगितलं होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण त्या दुपारपासून मी बदलले. तोवर मला वाटत होतं की आम्हाला कुणी बघत नाही. आता कळलं की बघतात, जाणतात, आणि दया म्हणून गप्प बसतात. ही दया उद्या संपली तर? मी शाळेत बाई होते. पोरांचे आईबाप मला वाकून नमस्कार करत.

मी दुसऱ्या खोलीत माझं अंथरूण घालून ठेवायला लागले, कुणी आलं तर दिसावं म्हणून. क्लबात तिच्यापासून चार बायका सोडून बसायला लागले. वाटेत ती भेटली तर "काय नर्सबाई" म्हणून पुढे जायचे. एकदा तिने विहिरीवर सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावरचं कुसळ काढलं, तर मी अंग चोरून मागे सरले. तिने ते कुसळ बोटांत धरून बघितलं आणि खाली टाकलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "त्या बाईनं पाव तरी दिला गो."

त्या हिवाळ्यात तिच्या भावाचं पत्र आलं. वडील अचानक गेले होते आणि आईचं डावं अंग लुळं पडलं होतं. भावाची बायको बाळंतपणाला माहेरी. ती रजा टाकून गेली. दोन महिन्यांसाठी गेली होती, मग तिने राजीनामा पाठवून दिला. तिच्या जागी आलेल्या नर्सबाईंनी मला दुसऱ्या खोलीत राहू दिलं. तिकडे गावच्या आसपासच्या पाड्यांवर बाळंतपणं करून तिचं भागत होतं.

तिची पत्रं यायची. अक्षर मोठं, ओळी वर चढणाऱ्या. फाल्गुनातल्या पत्रात तिने लिहिलं होतं, की गावच्या शाळेत मास्तर टिकत नाहीत, तू बदली मागून घे, पडवीतली खोली लिंपून ठेवली आहे. शेवटी लिहिलं होतं, "तू बहीण म्हणून ये. तुला भ्या वाटतंय तर बहीण म्हणून ये. पण ये."

मी बदलीचा अर्ज लिहिला. तो माझ्या ट्रंकेत पडून राहिला. आधी परीक्षा होत्या, मग धाकट्या भावाचं लग्न ठरलं, मग वाटलं, तिच्याच गावात बदली का मागितली असं कुणी विचारलं तर. साहेबांच्या पत्नी काय म्हणतील. साहेब काय म्हणतील. मी तिला लिहिलं, दिवाळीपर्यंत बघते.

श्रावणात पत्रं थांबली. मला वाटलं, टपाल अडकलं असेल. तिच्या गावाच्या वाटेवर, किन्हवलीच्या पुढे, काळू नदीला पूर होता आणि गाड्या किन्हवलीपर्यंतच जात होत्या. भाद्रपद लागल्यावर मुरबाडच्या बाजूचा एक औषधवाला धरणावरच्या दवाखान्यात आला आणि बोलता बोलता म्हणाला, "तुमच्या आधीच्या नर्सबाई वारल्या. विषमज्वर." मी कुणाच्यातरी पोराच्या डोळ्यांत टाकायचं औषध आणायला गेले होते. औषध घेतलं. शाळेत परत गेले. पाढे म्हणवून घेतले. संध्याकाळी क्वार्टरमध्ये आले तेव्हा, आपण दुपारभर उभेच होतो, हे मला खाली बसल्यावर कळलं.

पूर ओसरल्यावर मी गेले. किन्हवलीपर्यंत गाडी, पुढे बैलगाडी, शेवटचे दोन कोस पायी. चिखलातून चालत मी त्या घरापाशी पोचले तेव्हा बारा वाजून गेले असतील. पडवीत पाचसहा माणसं बसली होती. तेरावा आदल्याच आठवड्यात झाला होता. तिचा भाऊ उठून पुढे आला. तिच्यासारखाच उंच.

"कुटनं आलात?"

"तानशाहून."

"तुमी कोन तिच्या?"

तिने पत्रात लिहून दिलेला शब्द माझ्याजवळ होता. साहेबांनी तो दिला होता, त्यांच्या पत्नीने दिला होता. तेवढाही माझ्या तोंडून निघाला नाही. समोर सहा पुरुष माझ्याकडे बघत होते.

"ओळखीची," मी म्हटलं. "तिकडे शाळेत बाई आहे मी."

"आसं, आसं. बसा," तो म्हणाला. कुणीतरी घोंगडी सरकवली. चहा आला. ओळखीच्या बाईला जेवढं सांगायचं तेवढं त्यांनी सांगितलं, की ताप बारा दिवस होता, रस्ता बंद होता, डॉक्टर आला नाही. शेवटी कुणाला हाक मारत होती का, हे मला विचारता आलं नाही. ओळखीची माणसं तसं विचारत नाहीत. कुठे नेलं, हेही मी विचारलं नाही. चहा पिऊन मी निघायला उठले.

तेव्हा आतून घोगरा, अर्धा गिळलेला आवाज आला. भाऊ म्हणाला, "आई बलवते. म्हातारी हाय, काय बी बोलंल, मनावर घेऊ नका."

आत अंधार होता. खाटेवर तिची आई होती, एका बाजूला कललेली. तिने उजव्या हाताने माझा हात ओढून घेतला आणि बोटं चाचपली. शाईचा डाग लागलेलं बोट तिला सापडलं.

"मास्तरीण ना तू?"

"हो."

"मंग त्या भट्टीवालीचं तुला ठावं आसंल." शब्द तोंडात घोळत होते, पण कळत होते. "तिनं मला रोज सांगितली ती गोष्ट, तिन्हीसांजंला. बर्फातली. पर मी इसरते मधी मधी. दुसरं गाव घेतलं त्यांनी, त्या गावाचं काय व्हतं?"

मला काही समजेना. "कुणी घेतलं दुसरं गाव?"

"त्याच दोगींनी. ती भट्टीवाली नवऱ्याला जेवाया वाढते, आन् मग पायांत वहाना घालून पळत जाते ना नदीवरनं. गाठते तिला. मंग दुसऱ्या गावात भट्टी लावतात. त्या गावाची लोकं बरी व्हती म्हनं. ते गाव काय व्हतं?"

मी तिच्या खाटेशी बसले. बाहेर माणसं बोलत होती, कुणाचीतरी म्हैस हरवली होती त्याबद्दल.

"त्या गावाला नदीच्या पलीकडे डोंगर होता," मी म्हटलं. "आणि डोंगराखाली भाताची शेतं होती."

"बर्फात भात व्हतो?"

"उन्हाळ्यात होतो."

"मंग बरं," म्हातारी म्हणाली आणि डोळे मिटले. माझा हात तिने सोडला नव्हता.

परत आल्यावर मी ट्रंकेतला अर्ज काढून तारीख बदलली आणि पाठवून दिला. पुढच्या जूनमध्ये मी त्या गावच्या शाळेत रुजू झाले. ज्या शाळेत मास्तर टिकत नाही तिथे कुणी आपणहून जायला तयार आहे म्हटल्यावर, कुणी काही विचारलं नाही. इतकी सोपी गोष्ट होती ती. भावाने पडवीतली खोली मला दिली. भिंतींवरचं लिंपण वर्षभरात थोडं सुटलं होतं, पण त्यात बोटांचे फराटे दिसत होते. मोठ्या हाताचे. मी ती भिंत पुन्हा लिंपू दिली नाही.

ती मला त्या गावच्या शाळेत भेटायला लागली. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. जे झालं ते सांगते. ती यायची ती टळटळीत दुपारी. मुलं जेवायला घरी गेलेली असत, मी शाळेत एकटी वह्या तपासत बसलेली असे, आणि मागच्या बाकावर कुणीतरी बसल्याचं लाकूड करकरे. मी वळून बघत नसे. वळलं की बाक रिकामं असणार, हे मला ठाऊक होतं, आणि न वळता बसलं की ती पाच-सात मिनिटं असायची. कधी मी वहीतलं वाक्य मोठ्याने वाचून दाखवायचे. कधी म्हणायचे, जेवलीस का. एकदा नुसतं म्हटलं, मी ओळखीची म्हटलं गं. त्या दिवशी ती उठून गेल्याची करकर बराच वेळ झाली नाही.

सुट्टीत मी कल्याणला भावाकडे जायचे. त्याच्या एका मित्रामुळे मुंबईत परदेशी चित्रपट दाखवणाऱ्या एका मंडळात मला जाता येऊ लागलं. रविवारी सकाळी खेळ असायचे. मी एका वकिलातीच्या ग्रंथालयात जाऊन त्या भट्टीच्या फिल्मची चौकशीही केली. तिथल्या बाईने जाड वही चाळली आणि सांगितलं, ती केव्हाच परत गेली. दुसरं काही हवं आहे का? मला दुसरं काही नको होतं. पण जे मिळालं ते मी बघत गेले. चारपाच देशांतल्या फिल्म्समधून आमच्यासारखी माणसं मला सापडली, फार थोडी. शोधावी लागायची. एखादी नजर जरा जास्त वेळ टिकलेली, आगगाडीच्या डब्यात दोन तरुण आणि मध्ये पडलेला एकच हातमोजा, वसतिगृहातल्या मुलीने बाईंच्या दाराशी ठेवलेली फुलं. आणि शेवटच्या रिळेपर्यंत त्यांतलं एकजण मरायचं. विहिरीत, गोळीने, तापाने. एकही जोडी शेवटपर्यंत उरत नसे. उजेड पडल्यावर मी आजूबाजूला बघायचे. प्रेक्षकांत एखादा चष्मेवाला माणूस खुर्चीच्या अगदी कडेवर येऊन बसलेला दिसायचा, हात गुडघ्यांत घट्ट धरलेले. आम्ही एकमेकांकडे बघायचो नाही.

गावी परतले की म्हातारीला मी सगळ्या गोष्टी सांगायचे. तिची पडल्या पडल्या एकच अट असे, "खरी सांग." मी खरी सांगत नसे. विहिरीतल्या मुलीला वर काढायचे. गोळी चुकवायचे. तापावर डॉक्टर वेळेत पोचायचा, रस्ता कोरडा असायचा, नदीला उतार असायचा. म्हातारी ऐकत राहायची. एकदा म्हणाली, "समदीच वाचतात व्हय गो?"

"हो आई," मी म्हटलं.

"मंग आपलीच कशी गेली?"

मी तिच्या पाठीला तेल लावत होते, ते लावत राहिले.

सहा वर्षांनी म्हातारी गेली, झोपेत. तिला नेलं तेव्हा बायका नदीपर्यंत जात नाहीत म्हणून मी पडवीतच थांबले. पण परतलेल्या माणसांच्या बोलण्यातून मला जागा कळली. म्हातारीच्या लेकीलाही तिथेच नेलं होतं, नदीच्या वळणावर, एका उंबराखाली. इतकी वर्षं त्याच गावात राहून मी कुणाला विचारलं नव्हतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी तिथे गेले. शाळेतल्या बाकावरची करकर बरेच दिवस ऐकू आली नव्हती आणि मला करमत नव्हतं. नदी आटून डबक्यांवर आली होती. उंबराखाली काहीच नव्हतं, पुराने दर वर्षी सगळं धुऊन नेलेलं. पलीकडच्या डबक्यात कुणीतरी उंच बाई पाठमोरी वाकलेली होती. मी तिथेच उभी राहिले. मग ती वळली, आणि ती वेशीबाहेरच्या वाडीवरची एक बाई होती, हातांनी मासे चाचपत असलेली.

"बारा वाजता हिकडं कोन येत नाय, बाई," ती म्हणाली. "तुमचं कोनी गेलंय का हितं?"

"हो."

"कोन?"

आसपास कोणी नव्हतं. असतं तरी काय बोलले असते, कुणास ठाऊक. "जिच्याबरोबर मी राहत होते, ती," मी म्हटलं. "नर्सबाई."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. ओले हात लुगड्याला पुसले.

"माझा दादला बी हितंच नेला," ती म्हणाली. "दोन वर्सं झाली. अजून येतो कदी कदी."

"काय करतो आल्यावर?"

"काय नाय. बसतो."

ती पुन्हा पाण्यात वाकली. मी काठावरच्या दगडावर बसले. ऊन फार होतं. बऱ्याच वेळाने तिने दोन छोटे मासे पळसाच्या पानात गुंडाळून माझ्या हातात दिले आणि सांगितलं, यांना चिंच कमी घाला, कोवळे आहेत. मी ते घेऊन घरी आले आणि चूल पेटवली.